आरतीचं मशीन आणि माझा नगारा

मशीनचा मला राग नाही, हे आधी सांगून टाकतो. चिकलठाण्याच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर माझी उमर गेली. शाळा चौथीत सुटली, वावर वाढत्या शहराखाली गेलं, त्यानंतर पोटाला दिलं ते मशीननंच. पोरगा शिकला, पुण्यात नोकरीला लागला, तोही त्याच प्रेसच्या जोरावर. त्यामुळं म्हाताऱ्याला नवीन काही सोसत नाही असं कुणी म्हणू नये.

आमची मुकुंदवाडी आता शहरातच धरतात. पण जुन्या गावठाणात मारुतीचं देऊळ आहे आणि देवळात नगारा आहे. तांब्याचं भांडं, वर कातडं, मांडी घालून बसलं तर छातीला लागेल एवढा. दिवेलागणीच्या आरतीला आधी माझा बाप वाजवायचा, त्याच्यामागं मी. नेमणूक वगैरे काही नव्हती. बापाचा हात थकला तसं एक दिवस त्यानं टिपऱ्या माझ्याकडं सारल्या आणि स्वतः झांज घेतली, एवढंच.

नगारा कुणीही बडवू शकतो. बापानं मला शिकवली ती एकच गोष्ट. आरतीचं कडवं संपलं की उजवं टिपरू वर उचलायचं आणि तसंच हवेत धरायचं. तेवढ्यात माणसं दम घेतात, एखादी म्हातारी पदर सावरते, कुणी कडेवरचं लेकरू खाली ठेवतो. सगळे तयार झालेले दिसले की टिपरू खाली आणायचं आणि पुढचं कडवं उचलायचं. माणसं किती आहेत, कशी आहेत, त्यावर ते टिपरू किती वेळ वर राहणार हे ठरतं. बाप म्हणायचा, "माणसांकडं बघून वाजीव. देवाला घाई नाय."

कातडं सैल झालं की मी नगारा रिक्षात घालून शहागंजला न्यायचो. तिथं मढवणारे एक चाचा होते. काम कमी आणि बोलणं जास्त. दरवेळी पैसे घेताना बजावायचे, "इसको बिठाके मत रखो मियाँ. बैठा तो मर जाता." मला हसू यायचं. रोज वाजणारा नगारा, तो कशाला बसतोय.

माझी बायको आरतीला कमीच यायची. त्या वेळेला तिच्या भाकरी चाललेल्या असायच्या. घर देवळापासून दोन गल्ल्यांवर, आवाज थेट स्वयंपाकघरात जायचा. मी घरी पोचलो की ताट वाढता वाढता विचारायची, "आज कुणावर चिडलात?" मी म्हणायचो, तुला काय माहीत. तर म्हणायची, टिपरू वर धरलंच नाही, सगळी आरती रेटत नेली. कधी म्हणायची, आज गर्दी होती वाटतं, लई थांबत होतात. एकदा मला ताप होता आणि मी घरी बोललो नव्हतो. त्या दिवशी ताटात भाकरीऐवजी मऊ खिचडी आली. तुला कसं कळतं, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, सगळ्यांनाच कळत असेल.

ती गेली. नंतरही मी वाजवत राहिलो. घरी यायचो, कुलूप काढायचो, ताट माझं मीच वाढून घ्यायचो. पण जोवर वाजवत होतो तोवर दिवसाला एक खुंटी होती, दिवस तिला अडकवून ठेवता यायचा.

मग डोळ्याचा मोतीबिंदू काढायला पोरानं पुण्याला नेलं. तिथून आलो त्याच दिवशी सांजच्याला देवळाकडं निघालो, तर वाटेतच नगाऱ्याचा आवाज. नगारा, झांज, घंटा, सगळं एकदम. पाय उचलून गेलो. आत एक लोखंडी चौकट उभी होती. वर दोन घंटा, बाजूला झांजेची जोडी, खाली एक छोटा नगारा, मागं मोटार. चौकटीला हार घातलेला. माझा नगारा मागच्या खोलीत, गणपतीच्या मांडवाच्या कापडाखाली.

गल्लीतली पोरं गोळा झाली. त्यांनीच वर्गणी काढून आणलं होतं. त्यातला एकजण म्हणाला, "आबा, तुमच्यासाठीच आणलंय. किती दिवस हात दुखवून घेणार?"

हात दुखतो असं मी कधी कुणापाशी बोललो नव्हतो. मला विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हणलोही असतो. पण मी गावात नसताना आणलं, वर माझ्यासाठी आणलं म्हणून सांगितलं. मी म्हणलो, "हे लोखंड वाजतंय तोवर मी देवळाची पायरी चढणार नाय." म्हणलो आणि निघून आलो.

मला वाटलं, दोन-चार दिवसांत कुणीतरी समजूत काढायला येईल. चहाला असावं म्हणून रोज दूध थोडं जास्त घेत होतो. ते दूध नासायचं. मग जास्त घेणं बंद केलं.

देवळासमोर सिमेंटचं बाकडं आहे. पायरी चढणार नाही असं मी म्हणलो होतो, समोर बसणार नाही असं म्हणलो नव्हतो. रोज दिवेलागणीला बाकड्यावर जाऊन बसायचो. येणारे-जाणारे रामराम करायचे, मीही करायचो. आत चला आबा, असं कुणी म्हणलं नाही. मी पायरी सोडली हे बहुतेकांच्या ध्यानातच नव्हतं.

बसून बसून एक गोष्ट दिसायला लागली. सुरुवातीला माणसं नव्याची गंमत म्हणून यायची. पण मशीनचा आवाज एवढा, की आपण काय म्हणतोय हे आपल्यालाच ऐकू येऊ नये. आणि ते मधी थांबतच नाही. पहिलं कडवं संपायच्या आत पुढचं रेटतंय. माणसं काही दिवस त्याच्यामागं पळाली, कडवी गिळून टाकली, मग नुसत्या टाळ्या वाजवायला लागली, मग त्याही बंद झाल्या. हात जोडून उभं राहायचं आणि मशीन थांबायची वाट बघायची. ज्याला वाटच बघायची आहे तो घरी बसून बघतो. म्हाताऱ्या एकेक करून कमी झाल्या. पोरं गाडीवरून जाता जाता छातीला हात लावायची आणि पुढं जायची.

गुरवाला मी दोष देत नाही. देवळावर त्याचं घर चालत नाही, म्हणून त्यानं एका दुकानावर संध्याकाळची राखणीची नोकरी धरली. सकाळची पूजा तो करतो. संध्याकाळसाठी त्यानं मशीनच्या प्लगला टाइमर बसवून घेतला. गाभाऱ्यातला विजेचा दिवाही त्यावरच. सात वाजले की दिवा लागतो, मशीन चालू होतं, ठरल्या वेळेला आपोआप बंद पडतं.

तेव्हापासून देवळात कुणी नसतं. मारुती आणि मशीन, दोघंच. आणि समोर बाकड्यावर मी.

ही गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि तेच मला जड जायचं. घराघरात आवाज जायचा. माझ्या घरासमोर राहणाऱ्या वहिनी, बायकोची जुनी मैत्रीण, आवाज आला की टीव्हीचा आवाज कमी करून बसल्या जागी हात जोडायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बरंय भाऊजी, आपल्याकडं रोज आरती होती. नव्या वस्त्यांमधी कुठं कोण जमतंय." प्रत्येक घराला वाटत होतं, देवळात बाकीचे आहेत.

फोन माझ्याकडंही आहे. पोरानं दिलाय, मोठा. दर रविवारी त्याचा चेहरा त्यात दिसतो, जेवलात का विचारतो, मी हो म्हणतो. देवळाच्या नावाचा एक ग्रुप आहे, त्यात त्यानंच मला घातलं. रोज सकाळी त्यात मारुतीचे फोटो येतात, जोडलेले हात येतात, सुप्रभात येतं. पाठवणारे सगळे माझ्या गल्लीतले. मी हळूहळू अक्षरं लावून सगळं वाचतो. मी आजवर तिथं काही लिहिलेलं नव्हतं.

मग एक दिवस वारं सुटलं, कुठंतरी डीपी जळाली आणि दुपारपासून लाईट गेली. संध्याकाळी मी बाकड्यावर होतो. सात वाजले. देवळात अंधार, आवाज नाही.

मी वाट बघितली. म्हणलं, आता एखादं तरी दार उघडंल, कुणीतरी विचारंल की आज आरती का नाय. गल्लीत खिडक्यांमधून फोनचा उजेड दिसत होता. इन्व्हर्टरवाल्या घरांत पंखे चालू होते. कुणी आलं नाही.

मी स्वतःला सांगितलं, लाईट नसताना हे मशीन नाही, नुसता लोखंडाचा सांगाडा आहे. तेव्हा माझा शब्द मोडत नाही. पायरी चढलो. मागच्या खोलीतून नगारा ओढत आणला, कापड काढलं, टिपऱ्या जागेवरच हाताला लागल्या. निरांजन लावलं. कातडं ढिलं पडलं होतं, आवाज बसका येत होता, पण आला. आरती मी मनात म्हणत होतो. माझा हात चालू लागला आणि शेवटापर्यंत चालत राहिला. घामानं सदरा भिजला. लई दिवसांनी मला बरं वाटलं.

खाली उतरून घराकडं आलो, तर वहिनी दारात फोनची बॅटरी लावून उभ्या होत्या.

"भाऊजी, लाईट नसताना बी मशीन चालू होतं की आज. त्याला बॅटरी बसवली काय?"

"व्हय," म्हणलो. "बसवली."

घरात आल्यावर आधी गंमत वाटली. मग मेणबत्तीच्या उजेडात ताट घेऊन बसलो आणि घास हातातच राहिला. वहिनींचं काय चुकलं होतं? दोन गल्ल्यांपलीकडं घंटा-झांज विरून जाते, पोचतो तो नगाराच. मी टिपरू एकदाही वर धरलं नव्हतं. एक कडवं संपलं, दुसरं चालू, दुसरं संपलं, तिसरं चालू, मधी जागाच नाही. बाकड्यावर बसून इतके दिवस मी जे ऐकलं होतं तेच माझ्या हातातून बाहेर पडलं होतं. मशीन बंद होतं, आणि मी त्याच्या जागी बसून मशीन वाजवत होतो. बायको असती तर तिनं विचारलं असतं, आज कोण वाजवत होतं?

मला ते झोंबलं. पोरांनी नगारा कापडाखाली टाकला तेव्हा लागलं नव्हतं एवढं लागलं.

दुसऱ्या दिवशी लाईट आली. मी सातच्या आधीच देवळात गेलो आणि प्लग काढून ठेवला. प्लग काढला की तेही लाईट नसल्यासारखंच. माझा शब्द शाबूत. मशीनची वेळ टळली की प्लग परत लावायचो आणि नगारा आत ठेवायचो, सकाळी पूजेला आलेल्या गुरवाला काही दिसू नये म्हणून. नगारा दुपारभर पायरीवर उन्हात ठेवला होता, त्यानं कातडं जरा ताणलं होतं. बसलो आणि वाजवला. हात पुन्हा पळाला. तिसऱ्या दिवशीही पळाला. कडवं संपतंय हे कळायचं, टिपरू वर न्यायचं हे कळायचं, पण तोवर हात पुढं निघून गेलेला असायचा. माझाच हात, आणि माझं ऐकत नव्हता.

अडचण कुठं होती ते उशिरा समजलं. माणसांकडं बघून वाजीव, असं बाप म्हणायचा. बघायला माणसंच नव्हती. टिपरू वर धरलं तरी खाली कधी आणायचं, हे कोण सांगणार? मग मी रिकाम्या फरशीवर माणसं उभी करायला लागलो. खांबाला टेकून उभी राहायची ती जाड म्हातारी, तिला दम घ्यायला सगळ्यांत जास्त वेळ लागायचा. दाराशी एक गवंडी, हाताला सिमेंट तसंच, सगळ्यांच्या पुढं अर्धा शब्द म्हणणारा. झांज घेऊन माझा बाप. यातलं कुणीच आता नाही. पण मी त्यांच्याकडं बघायचो आणि त्यांच्यासाठी थांबायचो.

असं करता करता एका संध्याकाळी उजवं टिपरू वर गेलं आणि वरच राहिलं. मी ते धरून ठेवलं. तेवढ्या शांततेत शेजारी कुकरची शिट्टी झाली, कुणाच्या तरी टीव्हीत बाई रडत होती, स्टेशनाकडून गाडीचा भोंगा आला. म्हातारीचा दम घेऊन झाला. टिपरू खाली आणलं.

त्या दिवशी घरी येताना मी मुद्दाम हळू चाललो. कुणीतरी हाक मारंल असं वाटत होतं. मारली नाही. पुढच्या दिवशीही नाही. मी रोज वाजवत राहिलो आणि रोज हळू चालत राहिलो. मला शाबासकी नको होती. कुणीतरी एकानं म्हणावं, आज नगारा निराळा होता. बाकी काही नको होतं.

आणि एक दिवस वहिनींनी थांबवलंच. त्या फाटकापाशी माझी वाटच बघत होत्या.

"भाऊजी, थांबा जरा. तुम्ही तिकडंच बसता म्हणून विचारते." मी वळून जवळ गेलो. "मशीन बिघडलंय काय हो? मधीच अडकतंय. जरा वेळ बंद पडतंय, मग पुन्हा चालू होतंय. चार-पाच दिवस झाले, मी ऐकतेय."

मी फाटकाला हात टेकला.

"ग्रुपवर टाकलंय मी. गुरवाला बोलवून घ्या म्हणलं, नायतर मोटार जळायची."

घरी येऊन मी चष्मा लावला आणि फोन उघडला. वहिनींचं लिहिलेलं होतं. त्याखाली बरेच जण बोलले होते. एकजण म्हणत होता, व्होल्टेज कमी पडत असेल. दुसरा म्हणत होता, पट्टा सैल झाला असेल. तिसऱ्यानं लिहिलं होतं, आमच्याही लक्षात आलं, पण म्हटलं होईल ठीक. म्हणजे ऐकत सगळेच होते. टिपरू वर गेलेलं सगळ्यांना ऐकू येत होतं.

मी एकेक अक्षर शोधून लिहिलं, नगारा मी वाजवतो. बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो. मग पुसलं. मीच सांगितल्यावर ओळखायचं, तर त्या ओळखीला काय अर्थ. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. म्हणाले असते, आबा, कशाला तरास घेता, प्लग लावून द्या.

गुरव त्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आला. मी बाकड्यावर होतो, त्यानं आत बोलावलं, मशीन बंदच होतं, मी गेलो. त्यानं बटण दाबलं. मशीन पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडकता वाजलं. त्यानं पुन्हा एकदा चालवलं. मोटारीला हात लावून बघितला, दोन ठिकाणी तेल सोडलं.

"आबा, चांगलं तर चालतंय."

मी मान हलवली. तेवढ्यात त्याचं लक्ष नगाऱ्याकडं गेलं. संध्याकाळसाठी मी मागच्या खोलीतून काढलेला नगारा समोर होता, मांडवाचं कापड घडी करून बाजूला ठेवलेलं, निरांजनात जळलेली वात. तो तिकडं बघत राहिला, मग माझ्या हातांकडं बघितलं. मी मारुतीकडं बघत होतो.

"मग आता काय करायचं, आबा?"

"तुझी मर्जी," मी म्हणलो.

त्यानं तेलाचे हात पुसले. मग फोन काढून काहीतरी लिहिलं. माझ्या खिशातला फोन वाजला. जाता जाता पायरीवरून मागं वळून एवढंच म्हणाला, "तो प्लग ढिला हाय. जपून काढत जा."

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी त्याच्या पाठीकडं बघत होतो. मग फोन उघडला. मशीन दुरुस्त केले आहे, असं लिहिलं होतं. त्याखाली जोडलेले हात, आणखी जोडलेले हात.

त्या संध्याकाळी मी जपून प्लग काढला. नगारा कालच्यासारखाच वाजवला. उलट टिपरू मुद्दाम जास्त वेळ वर धरलं. एका कडव्याला तर इतका वेळ, की खांदा भरून आला. कुकर झाला, टीव्हीतली बाई रडून गप्प झाली, तरी धरून ठेवलं. गल्लीतून काही आवाज आला नाही. मग खाली आणलं आणि आरती पुरी केली.

घराकडं आलो तर वहिनी अंगणात वाळलेले कपडे काढत होत्या. दोरीवरून एक चादर ओढत म्हणाल्या, "आता कसं नीट वाजतंय. आज एकदा बी अडकलं नाय. दुरुस्त केलं म्हणं."

"व्हय," मी म्हणलो.

कुलूप काढलं, दिवा लावला. दुपारची भाकरी होती, भाजी गरम केली, ताट वाढून घेतलं. घास मोडायच्या आधी उगाच जरा वेळ थांबलो. कुणी काही विचारलं नाही. मग जेवलो.